नियमाने बघितलं तर

नमस्कार मावशी,

मी फोंड्याची. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, '२००३ चं इराक युद्ध बेकायदा होतं की नुसतं अनैतिक?' माझ्या वाट्याला 'बेकायदा' ही बाजू आली. संयुक्त राष्ट्रांची सनद मी जवळजवळ पाठ केली होती. ठासून सांगितलं, की स्वतःवर हल्ला झालेला नसताना आणि सुरक्षा परिषदेची परवानगी नसताना जो देश दुसऱ्याच्या भूमीत सैन्य घालतो, तो बेकायदा युद्ध करतो, मग त्याचा हेतू काहीही असो. समोरचा मुलगा उठला आणि म्हणाला, "आणि १९ डिसेंबर १९६१?" भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला तो दिवस. मी गडबडले. तोंडातून निघून गेलं, "नियमाने बघितलं तर, तेही." टाळ्या पडल्या. बक्षीसही मलाच मिळालं.

पहिल्या रांगेत माझे आजो बसले होते. वय ८७. सतराव्या वर्षी पत्रकं वाटताना त्यांना पकडलं होतं, ठाण्यावर मारलं होतं, मग दोन वर्षं आग्वादच्या तुरुंगात ठेवलं. शिक्षेचा पोर्तुगीज कागद आमच्या सोप्यावर काचेच्या चौकटीत लावलेला आहे. आजो मराठी शाळेत शिकले, त्यामुळे त्यात काय लिहिलंय ते त्यांनाही नीट ठाऊक नाही. स्पर्धेहून घरी येताना ते एकच वाक्य बोलले, "म्हणजे आम्ही बेकायदा?" तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

बाबा म्हणतात, माफी माग आणि विषय संपव. मैत्रीण म्हणते, माफी कसली, तू बरोबर बोललीस. आणि तसंही युद्ध बेकायदा ठरवून कुणाला शिक्षा होते? अनैतिक म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मावशी, मी खरं बोलले की खोटं? आणि खरं बोलले असेन, तर माफी कशाची मागू?

एक विद्यार्थिनी, फोंडा

*

प्रिय बाय,

माफी मागायची आहेच, पण बाबा म्हणतात त्यासाठी नाही. तिथे शेवटी येते. आधी तुमच्या विषयातला एक शब्द मला सलतोय, तो बाजूला काढू दे. 'नुसतं.' बेकायदा, की नुसतं अनैतिक. विषय ठरवणाऱ्यांनी एक शिडी उभी केली, खालच्या पायरीवर अनैतिक आणि वरच्या पायरीवर बेकायदा, आणि युद्ध कुठल्या पायरीपर्यंत चढलं ते मुलांनी सांगायचं. तू वरची पायरी घेतलीस आणि जिंकलीस. मला ती शिडीच मान्य नाही.

आपण गोव्यातली माणसं, हे समजायला आपल्याला बगदादपर्यंत जायला नको. खाणींचंच आठव. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या एप्रिलमध्ये सांगितलं, की गोव्यातल्या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली होती आणि त्यानंतरचं खाणकाम बेकायदा होतं. तो निकाल लागावा म्हणून कितीतरी माणसांनी वर्षानुवर्षं कागद गोळा केले, धमक्या ऐकल्या. निकालाचं मोल मी जराही कमी करत नाही. पण डिचोलीतल्या किंवा सांग्यातल्या, खाणीला लागून घर असलेल्या बाईकडे बघ. २१ नोव्हेंबरला तिच्या शेतात उतरणारा लाल गाळ कायद्यात बसत होता, २३ तारखेला बसेनासा झाला. तिचं शेत दोन्ही दिवशी सारखंच बुजत होतं. तिच्यावर अन्याय झाला का, या प्रश्नाचं उत्तर त्या तारखेत सापडत नाही. यंत्र थांबवायचं कसं आणि जाब कुणाला विचारायचा, याचं उत्तर मात्र त्या तारखेतच सापडलं.

युद्धाचंही असंच आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारावे लागतात. एकाचं उत्तर देऊन दुसऱ्यातून सुटका होत नाही.

इराकबद्दल तू जे बोललीस ते मला पटतं. सनदेच्या दुसऱ्या अनुच्छेदाचं चौथं कलम बळाचा वापर आणि बळाची धमकी दोन्हींना मनाई करतं. बाहेर पडायच्या वाटा दोन: सशस्त्र हल्ला झाला तर अनुच्छेद ५१ खाली स्वसंरक्षण, नाहीतर सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेचा निर्णय. २० मार्च २००३ रोजी यातली एकही वाट उघडी नव्हती. आदल्या नोव्हेंबरातल्या १४४१ क्रमांकाच्या ठरावात 'गंभीर परिणाम' हे शब्द होते, सैन्य घालण्याची परवानगी नव्हती. दुसरा ठराव आणायचा प्रयत्न झाला, मतं जमेनात म्हणून तो मागे घेतला. मग १९९० मध्ये कुवेतच्या सुटकेसाठी दिलेली जुनी परवानगी आपोआप जिवंत झाली, असं सांगण्यात आलं. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातल्या उपविधी सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांना ते पटलं नाही आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये कोफी अन्नान यांनी, सरचिटणीस असताना, हे युद्ध सनदेच्या दृष्टीने बेकायदा होतं असं मुलाखतीत सांगितलं. तेव्हा स्पर्धेतली तुझी मुख्य मांडणी सरळ होती.

तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न मी हलका मानत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्युरेंबर्ग आणि टोकियोच्या खटल्यांनंतर 'तू आक्रमक युद्ध सुरू केलंस' एवढ्यासाठी कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुणाला शिक्षा केलेली नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला तो अधिकार मिळाला तोच मुळी १७ जुलै २०१८ पासून, आणि अमेरिका, रशिया, चीन, भारत यांतलं कुणीच त्याचं सदस्य नाही. हे वाचून तुझ्या वयाच्या मुलीचा जीव विटला, तर मला समजतं.

पण तिला दोन गोष्टी सांग. ब्रिटनचे महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्च २००३ रोजी पंतप्रधानांना दिलेला सल्ला पानोपानी शंकांनी भरलेला होता. दुसरा ठराव घेणं हाच सुरक्षित मार्ग, असं त्यात होतं. दहा दिवसांनी संसदेत जे छोटं उत्तर ठेवलं, त्यात शंका उरल्या नव्हत्या. मधल्या दिवसांत काय झालं? ब्रिटनच्या सेनादलांचे प्रमुख ॲडमिरल बॉइस यांनी, हे युद्ध कायदेशीर आहे असं निःसंदिग्ध लेखी द्या, अशी मागणी केली. आपल्या माणसांना उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागू नये, ही त्यांची काळजी होती. कायद्याला जर दात नसते, तर त्या एका कागदासाठी एवढं बळ कशाला लावावं लागलं असतं?

दुसरी गोष्ट आपल्या घरची. २००३ च्या एप्रिलमध्ये आपल्या संसदेने या युद्धाची निंदा करणारा ठराव केला. नंतर अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितलं, हजारोंच्या संख्येने. १४ जुलै २००३ रोजी भारत सरकारने नकार दिला, आणि नकार देताना धरलेला आधार होता, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही. मोठ्या मित्राला 'तुझं युद्ध पापाचं आहे' असं तोंडावर सांगणं कुठल्याही सरकारला जड जातं. 'कायद्याचा कागद दाखव' हे सांगता येतं. त्या एका वाक्यामुळे कुणाकुणाची मुलं तिकडे गेली नाहीत. साताऱ्यात, बेळगावात, पेडण्यात अशी घरं आहेत जिथे त्या वेळी एक मुलगा सैन्यात होता. मैत्रिणीला म्हणावं, शिक्षा हे कायद्याचं एकच काम नाही. दुबळ्याला 'नाही' म्हणायला जागा करून देणं हेही त्याचंच काम.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण ती तुझ्या भाषणात नव्हती. त्याच इराकवर ६ ऑगस्ट १९९० पासून निर्बंध होते. सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक ६६१, पूर्णपणे कायदेशीर. तेरा वर्षं तो देश त्यांखाली पिचला. पाण्याच्या शुद्धीकरणाचं सामान अडलं, औषधं अडली. संयुक्त राष्ट्रांचे बगदादमधले मानवीय समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये याच कारणावरून राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केलं. आणि १९९१ चं युद्ध, जे परिषदेच्या परवानगीने झालं, त्यात १३ फेब्रुवारीला बगदादच्या अमिरिया भागातल्या आश्रयस्थानावर बॉम्ब पडले आणि आत झोपलेली चारशेहून अधिक माणसं मेली, बहुतेक बायका आणि मुलं. ते युद्ध कुवेत सोडवण्यासाठी होतं. कुवेतमध्ये आपली गोव्याची कितीतरी कुटुंबं अडकली होती. अम्मानहून माणसं घेऊन येणाऱ्या विमानाची वाट बघणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून ते युद्ध नको होतं असं मी म्हणू शकत नाही. पण 'कायदेशीर' हा शब्द त्या आश्रयस्थानाच्या दारात उभा राहून उच्चारून बघ. तो शब्द तिथे पुरत नाही.

कोसोवोचंही तू वाचलं असशील. १९९९ मध्ये नाटोने परिषदेला बाजूला ठेवून युगोस्लावियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली. त्यावर नेमलेल्या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाने पुढच्या वर्षी म्हटलं, बेकायदा पण समर्थनीय. मला ते शब्द आजही अस्वस्थ करतात, कारण उद्या कुणीही ताकदवान देश तेच दोन शब्द उचलून कुठेही जाऊ शकतो. तरी त्या आयोगाने एक प्रामाणिकपणा केला. दोन प्रश्न दोन ठेवले.

आता गोवा.

मी तेव्हा सात वर्षांची होते. आमचं घर पणजीजवळच्या सांताक्रूझला. १८ डिसेंबरला सकाळी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर विमानं आली. आईने चुलीवरची पेज तशीच टाकली आणि आम्हा तिघा भावंडांना भाताच्या कणगीमागे बसवून वर गोधडी घातली. दुसऱ्या दिवशी बेतीकडून मांडवी ओलांडून जवान पणजीत आले. बाबा ते बघून घरी आले आणि उंबऱ्यावर बसून रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तो दिवस मुक्तीचा होता, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आज सत्तरीतही नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठे उभी आहे ते तुला माहीत असेल.

तू कायदा शिकतेस, म्हणून कायद्याच्या वाटेनेच जाऊ. १८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव मांडला: लढाई थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं. बाजूने सात मतं, विरोधात चार. विरोधात सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक आणि सोव्हिएत संघ. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे ठराव पडला. हे लक्षात ठेव, नकाराधिकाराने पडलेला ठराव म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. आपल्याकडे दर डिसेंबरला कुणीतरी भाषणात तसं सांगतं. ते बरोबर नाही.

भारताच्या वतीने सी. एस. झा यांनी जे मांडलं ते खरं महत्त्वाचं. त्यांचं म्हणणं असं होतं, की गोवा ही परकी भूमीच नाही. १५१० मध्ये तलवारीने घेतलेली भूमी साडेचारशे वर्षं धरून ठेवली म्हणून ती पोर्तुगालची होत नाही. आपल्याच माणसांवर आणि आपल्याच भूमीवर आक्रमण होऊ शकत नाही. १९४५ च्या सनदेचा मजकूर तेवढाच पुढे ठेवला, तर ही बाजू मांडणं अवघड होतं. प्रामाणिक वकिलाने हे लपवू नये आणि तू लपवलं नाहीस, याबद्दल मी तुला दोष देत नाही.

पण सनद लिहिली गेली तेव्हा ती लिहिणाऱ्या मोठ्या देशांपैकी कुणाकुणाच्या हाती वसाहती होत्या ते बघ. आणि पोर्तुगालने काय केलं ते बघ. १९५१ मध्ये तिथला हुकूमशहा सालाझारने घटनेतला शब्द बदलला: 'वसाहत' काढून 'समुद्रापलीकडचा प्रांत' घातला. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आल्यावर सांगितलं, आमच्याकडे वसाहती नाहीतच, आहेत ते प्रांत. एका शब्दाच्या फेरफाराने पणजी ही लिस्बनइतकीच पोर्तुगाल झाली. आमसभेने ते मानलं नाही. १४ डिसेंबर १९६० चा १५१४ क्रमांकाचा ठराव वसाहतवाद संपवा म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी १५४२ क्रमांकाच्या ठरावाने गोव्याचं नाव घेऊन सांगितलं, की हा स्वशासन नसलेला प्रदेश आहे, पोर्तुगालने याचा हिशोब द्यायला हवा. पोर्तुगालने दिला नाही. १९७० च्या मैत्रीपूर्ण संबंधांच्या जाहीरनाम्यात तर स्पष्टच आलं, की वसाहतीच्या भूमीचा दर्जा राज्यकर्त्या देशाच्या भूमीहून वेगळा असतो. आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी, लिस्बनमध्ये क्रांती होऊन हुकूमशाही गेल्यानंतर, पोर्तुगालने करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

म्हणजे १९६१ मध्ये कायदा एका जागी थांबलेला नव्हता. तो सरकत होता आणि गोवा त्या सरकणाऱ्या जागीच उभा होता. जाणकारांत आजही यावर एकमत नाही. त्या मुलाने विचारलं तेव्हा 'यावर वाद आहे आणि तो असा आहे' हे खरं उत्तर होतं. तू 'तेही' म्हणालीस. इराकच्या रांगेत गोवा बसवलास, दोन अक्षरांत. खोटं बोललीस असं नाही म्हणणार, पण न लागलेला निकाल लागला असं सांगितलंस.

इथे मला एक भीती आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'ती भूमी मुळात आमचीच' हे वाक्य सद्दामनेही कुवेतबद्दल म्हटलं होतं. आणि त्याहून जवळचं उदाहरण पूर्व तिमोरचं. तीही पोर्तुगालची वसाहत. ७ डिसेंबर १९७५ रोजी शेजारच्या इंडोनेशियाने सैन्य घातलं, पुढच्या वर्षी तो आपला प्रांत म्हणून जाहीर केला. वरवर बघशील तर गोव्यासारखंच सगळं: पोर्तुगीज अंमल, मोठा शेजारी, झटपट कारवाई. पण आतली माणसं वेगळं मागत होती. चोवीस वर्षं त्यांनी सोसलं आणि ३० ऑगस्ट १९९९ च्या मतदानात ७८ टक्क्यांहून अधिक लोकांनी इंडोनेशियाबाहेर राहायचं ठरवलं. त्यामुळे 'वसाहतवाद संपवला' एवढं पुरत नाही. आतल्या माणसांना काय हवं होतं, हे विचारावं लागतं.

गोव्यात त्या प्रश्नाचं उत्तर मतपेटीत घेतलं गेलं नव्हतं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमतकौलात विचारलं ते महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, हे. आपल्या मराठी घरांत त्या कौलाची सल अजून आहे, पण तो प्रश्न निराळा. भारतात यायचं का, हे उत्तर आधीच रस्त्यावर दिलेलं होतं. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांच्या सभेला जमलेल्यांनी दिलं. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले, त्यांत बाहेरून आलेले होते. पण आतले तुरुंग गोवेकरांनीच भरलेले होते. सांगलीहून शिक्षक म्हणून येऊन गोव्याचेच झालेले मोहन रानडे तर गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली तरी लिस्बनच्या बाजूला कैदेत होते, सुटले १९६९ च्या जानेवारीत. आणि तुझे आजो. सतरा वर्षांचा मुलगा पत्रकं घेऊन रात्री हिंडत होता, हाच पुरावा. १९ डिसेंबरच्या बाजूने बोलायला माझ्याकडे कायद्याचं जे काही आहे, त्यापेक्षा भक्कम पुरावा तो मुलगा आहे. गोवा आणि पूर्व तिमोर यांत जो फरक आहे, तो त्याच्यासारख्यांनी केला.

अजून एका माणसाबद्दल तुला सांगते, कारण कायदा आणि नीती एकाच माणसावर एकाच दिवशी कशी आदळतात ते त्याच्यात दिसतं. जनरल व्हासालो इ सिल्वा, गोव्याचे शेवटचे पोर्तुगीज गव्हर्नर. १४ डिसेंबरला सालाझारचा संदेश आला: युद्धविराम नाही, शरणागती नाही, कैदी होणं नाही, सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील नाहीतर मेलेले. गव्हर्नरच्या हाताखाली साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक होते, समोर त्याच्या कितीतरी पट. तो हुकूम पाळला असता तर पणजीत, मडगावात, वास्कोत गल्लीगल्लीत लढाई झाली असती आणि आमच्या कणगीमागे काय उरलं असतं ते मला विचारवत नाही. १९ डिसेंबरला संध्याकाळी त्या माणसाने शरणागती पत्करली. त्याच्या देशाच्या कायद्याने हा गुन्हा होता. १९६३ मध्ये त्याला सैन्यातून काढून टाकलं. १९७४ च्या क्रांतीनंतर मान परत मिळाला. तो साम्राज्याचाच अधिकारी होता, त्याच्या अमलात आपल्या माणसांना मार पडत होता, हे मी विसरलेली नाही. तरी त्या संध्याकाळी त्याने आपल्या कायद्याहून वरचं काहीतरी ऐकलं, आणि माझ्यासारखी कितीतरी मुलं वाचली.

शरण आलेले पोर्तुगीज सैनिक तुझ्या फोंड्यातल्याही छावणीत होते, ठाऊक आहे तुला? मे १९६२ मध्ये ते परत गेले. त्या मुलांना कुणी आरोपी केलं नाही, करायचंही नसतं. युद्ध सुरू करण्याचा दोष राज्यकर्त्यांवर, नियमाने लढलेल्या साध्या सैनिकावर नाही. उलट, न्याय्य बाजूने लढणाऱ्याने कैद्याला मारलं तर तो गुन्हेगारच. तुझ्या पुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणं असतील. वेगळीच ठेव.

आता आजो. त्यांचं वाक्य पुन्हा वाच. "ते युद्ध बेकायदा?" असं त्यांनी विचारलेलं नाही. "म्हणजे आम्ही बेकायदा?" असं विचारलंय. तू नेहरू सरकारच्या लष्करी कारवाईबद्दल बोललीस, त्यांनी स्वतःबद्दल ऐकलं. सैन्य यायच्या सहा वर्षं आधीपासून ते या सगळ्यात होते. त्यांच्या अंगावर वळ उठले तेव्हा सुरक्षा परिषद कुठे नव्हती. आणि बाय, ते खरोखरच बेकायदा होते. पोर्तुगीज कायद्यात ते पत्रक हा गुन्हा होता, ते वाटणं हा गुन्हा होता, रीतसर शिक्षा झाली, रीतसर कागद मिळाला. त्यांनी तो काचेत घालून सोप्यावर लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. पाकल्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी, बेकायदा म्हटलेलं त्यांनी आयुष्यभर दागिन्यासारखं मिरवलं. नातीने म्हटलेलं त्यांना पेलवलं नाही, टाळ्यांच्या आवाजात तर नाहीच.

म्हणून माफी मताची मागू नकोस. तुझं मत त्यांनी मान्य करावं, असाही हट्ट नको; ८७ व्या वर्षी माणसाला एखाद्या गोष्टीवर ठाम राहू द्यावं. माफी एवढ्याचीच माग, की ज्या दिवसाबद्दल बोललीस त्या दिवसाचा माणूस घरात असताना तू त्याला आधी काही विचारलं नाहीस. सनद पाठ केलीस, कलमं पाठ केलीस, सोप्यावरचा कागद वाचला नाहीस. बाबांना मध्ये घालू नकोस. त्यांच्यासमोर आजो 'असू दे' म्हणतील आणि ते 'असू दे' पुढची कितीतरी वर्षं घरात राहील.

आणि तो कागद उतरव. त्यांना विचारून, त्यांच्या देखत. पोर्तुगीज नीट वाचणारी माणसं गोव्यात अजून आहेत, तुझ्या कॉलेजातल्या जुन्या प्राध्यापकांना विचारलंस तरी कुणी ना कुणी मिळेल. छायाप्रत नको, चौकट घेऊन आजोंनाच बरोबर ने. कुठल्या कलमाखाली शिक्षा झाली, न्यायाधीश कोण होते, आरोप नेमका काय ठेवला, पत्रकातला कुठला मजकूर त्यांनी पुरावा म्हणून उतरवून घेतला, ते ओळीओळीने वाचून घे आणि मराठीत लिहून काढ. सत्तर वर्षं तो माणूस रोज त्या कागदाखाली बसतोय आणि त्यात आपल्याबद्दल काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नाही. कायदा शिकलेली त्या घरात तू पहिली आहेस. ते ऐकताना आजो मध्येच म्हणतील, असं नव्हतं, हे खोटं लिहिलंय, त्या रात्री आम्ही तिघे होतो. तेव्हा पेन हातात असू दे.

तुझी,
मावशी